थडग्याचा फोटो जोडा

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आजी गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत स्वतःचा चहा स्वतः करून पीत होती. आमच्याकडे अशा जाण्याला 'सोनं झालं' म्हणतात. नेरुळला अंत्यसंस्कार, महापालिकेचा दाखला, दहाव्याला नाशिक, तेराव्याला गोडाचं जेवण... सगळं रीतसर पार पडलं.

महिन्याभराने न्यू जर्सीहून आतेभावाचा फोन. हाही माझ्यासारखाच आयटीवाला. कोविडच्या दिवसांत घरी बसून त्याने आमच्या घराण्याचा ऑनलाइन वंशवृक्ष तयार केला होता. "अरे, आजीची तारीख टाक ना. तुला अ‍ॅक्सेस दिलाय मी."

टाकली. सेव्ह केलं. आणि आजीच्या नावाखाली एक निळी लिंक उगवली : 'थडग्याचा फोटो जोडा'.

आधी हसूच आलं. मग वाटलं, त्या बिचाऱ्या प्रोग्रामरचं काय चुकलं? त्याच्या जगात माणूस गेला की दगड उभा राहतो आणि दगडावर दोन तारखा असतात. आमच्या आजीचं मात्र कुठेच काही नाही. मग आपल्याकडे गेलेला माणूस आणि वंशवृक्ष यांची गाठ कुठे मारत असत? हा प्रश्न डोक्यात घुसला तो गेले कित्येक शनिवार-रविवार खाऊन बसलाय. तर मंडळी, आज त्याबद्दल.

दगडांचा डेटाबेस

आधी त्या निळ्या लिंकचा इतिहास. वंशावळ आणि स्मृतिपान या मुळात दोन वेगळ्या गोष्टी. वंशावळीचं काम सगळ्यात मोठ्या प्रमाणावर केलं ते अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाने. पूर्वजांसाठी धार्मिक विधी करता यावेत म्हणून त्यांना पूर्वजांची नावं हवी असतात. १८९४ मध्ये त्यांनी सॉल्ट लेक सिटीत वंशावळ संस्था काढली आणि १९३८ पासून जगभरच्या नोंदवह्यांची मायक्रोफिल्म काढायला घेतली. अशी जवळजवळ चोवीस लाख रिळं जमली, आणि त्यांचं डिजिटायझेशन २०२१ मध्ये पूर्ण झालं. १९८४ मध्ये त्यांनीच 'जेडकॉम' नावाचा फाइल फॉरमॅट आणला. आजही एका साइटवरचा वंशवृक्ष दुसरीकडे न्यायचा तर बहुतेक वेळा तोच वापरावा लागतो. अगदी साधी टेक्स्ट फाइल. माणसाची एक नोंद, कुटुंबाची एक नोंद, आणि दोघांना जोडणारे क्रमांक. गंमत म्हणजे त्यात दफनासाठी जशी खूण आहे तशी दहनासाठीही आहे. म्हणजे फॉरमॅटवाल्यांना आपण माहीत होतो, लिंकवाला विसरला!

स्मृतिपानांची गोष्ट निराळी. जिम टिप्टन नावाच्या माणसाला प्रसिद्ध लोकांच्या कबरी बघत फिरायचा छंद होता. त्यातून १९९५ मध्ये 'फाइंड अ ग्रेव्ह' ही साइट निघाली. पुढे सामान्य माणसांच्या कबरीही आल्या. हौशी लोक दफनभूमीत जाऊन फोटो काढून चढवू लागले. प्रत्येक पानाला एक क्रमांक, आणि आई, बाप, जोडीदार यांच्या पानांचे क्रमांक टाकून पानं एकमेकांना जोडायची सोय. २०१३ मध्ये 'अ‍ॅन्सेस्ट्री' या वंशावळीतल्या बड्या कंपनीने ही साइट विकत घेतली. वंशवृक्ष एका बाजूला, थडगी दुसऱ्या बाजूला, मध्ये लिंक. झालं काम.

आपला दगड बिननावाचा

आता आपल्याकडे या. आपल्याकडे स्मारकाचे दगड नाहीत असं मुळीच नाही. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. बोरिवलीला एकसरमध्ये तर चक्क जहाजांच्या लढाईचे वीरगळ आहेत. शिलाहार आणि यादव यांच्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी त्यांचा संबंध लावतात. वल्ही मारणारे खलाशी रांगेने कोरलेत. पण नाव? बहुतेक वीरगळांवर नावच नसतं. गावाला माहीत होतं कोण मेलं ते, मग कोरायचं कशाला! गाव विसरलं, संपलं.

उलट वंशावळी आपल्याकडे भरपूर, पण त्या कशासाठी लिहिल्या गेल्या? वतनाच्या भांडणासाठी. देशमुखी, कुलकर्णीपण, पाटीलकी कोणाची, हे ठरवायला वंशावळ पुढे करायची. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसवलं, तेव्हा तर पुरावे शोधायला सगळ्यांचीच धावपळ झाली. विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापले गेले, त्यांत बराच जिव्हाळा आहे, पण ते ठरावीक घराण्यांचे. आमच्यासारख्या कोकणातल्या साध्या घराचा कुलवृत्तांत कोण छापणार?

तरीही एक गोष्ट प्रत्येकाकडे आहे आणि ती आपण रोज वापरतो. आपलं नाव! स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इंजिनिअरच्या डोक्याने बघितलं तर ही लिंक्ड लिस्ट आहे. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा पॉइंटर. जुन्या मोडी कागदांत हे आणखी उघड दिसतं : अमका 'बिन' तमका किंवा 'वलद' तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा.

आमच्या जवळचंच उदाहरण देतो. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. तिथल्या हुतात्म्यांमधलं एक नाव नाग्या महादू कातकरी. तीन शब्दांत माणूस, बाप आणि समाज. त्याच्याबरोबर गेलेल्यांची नावंही अशीच तीन शब्दांची, जोडीला गाव : दिघोडे, कोप्रोली, खोपटे, पाणदिवे. नाव, बाप, आडनाव, गाव एवढं असलं की शंभर वर्षांनीही 'हा आमचा' म्हणत कोणीतरी पुढे येऊ शकतं.

आणि तसं यावंही लागतं. ज्या नवी मुंबईत मी हप्ते भरून राहतोय ती पंचाण्णव गावांच्या जमिनीवर उभी आहे. सिडको १९७० ची. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण भागात गोळीबारात पाच जण गेले. दर जानेवारीला जासईला त्यांना अभिवादन होतं. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ज्यांची जमीन गेली त्यांतले अनेक जण भूखंड मिळेपर्यंत हयात नव्हते. मग वारस सिद्ध करायचे, म्हणजे पुन्हा वंशावळ आणि प्रत्येक मधल्या माणसाच्या मृत्यूची नोंद. मधला एक मृत्यू सिद्ध झाला नाही की साखळी तुटली.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हाही हेच दिसलं. जन्ममृत्यूची जुनी गावनोंदवही, जिला गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक म्हणतात, तिला एकदम सोन्याचा भाव आला. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्याचे स्कॅन चढले, मोडी वाचणाऱ्यांना काम मिळालं. पणजोबा कधी वारले हे ज्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं ते रात्री जागून पानं उलटत बसले.

बोटवाल्यांचं पान

आता घरची गोष्ट. सर्वपित्रीला आमच्याकडे पितरांची पानं वाढतात. धर्मशास्त्रातलं श्राद्ध मला फार कळत नाही, पण त्यात बाप, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं घ्यायची असतात. (डेप्थ तीन! त्याच्या वरचे सगळे एका मोघम उल्लेखात.) आजी मात्र एक जास्तीचं पान ठेवायची. "ते बोटवाल्यांचं," म्हणायची. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. बोटीवर खलाशी होता, पहिल्या महायुद्धात गेला, परत आला नाही. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून त्याच्यामागे पान ठेवणारं कोणी नाही. आजीने हे सासूकडून घेतलं आणि साठ-पासष्ट वर्षं न चुकता केलं.

गेल्या वर्षी सर्वपित्रीला आईने पान वाढलं आणि थबकली. "अहो, बोटवाल्यांचं नाव काय?"

बाबांना माहीत नव्हतं. आत्याला फोन केला, तिलाही नव्हतं. आम्ही सगळे त्यांना बोटवालेच म्हणत आलो. नाव फक्त आजीला माहीत होतं आणि आम्ही कोणीच तिला कधी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून! त्या दिवशी पान बिननावाचंच ठेवलं. मला जेवण गेलं नाही.

मग शोधाशोध. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास हिंदी खलाशी होते. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. बहुतेक जण बॉयलरपाशी कोळसा ओढणारे, डेकवरचे, भटारखान्यातले. रत्नागिरीकडचे, गोव्याचे, गुजरातचे, बंगालचे. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने दिसेल ते जहाज बुडवायचं धोरण घेतलं आणि हे लोक खालच्या मजल्यावर असल्याने आधी सापडले.

त्यांचं स्मारक मुंबईत आहे. नेरुळहून सीएसएमटीची लोकल पकडा, शेवटच्या स्टेशनच्या आधी मस्जिद लागतं. तिथल्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशांचं. हार्बर लाइनने शेकडो वेळा गेलोय, मला पत्ताच नव्हता. ही नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या डेटाबेसमध्ये घरबसल्या शोधता येतात. कमिशन १९१७ चं, डेटाबेस १९९८ पासून ऑनलाइन, दोन्ही महायुद्धांतली मिळून सतरा लाख नावं. अर्थात सगळी नव्हेत. याच कमिशनच्या समितीने २०२१ मध्ये कबूल केलं की आफ्रिका आणि आशियातल्या किमान एक लाख सोळा हजार मृतांची नावानिशी नोंदच झाली नाही, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो.

पण ज्याचं नावच माहीत नाही त्याला सर्चबॉक्समध्ये शोधणार कसं? आडनाव टाकावं तर ते इंग्रज कारकुनाने कुठल्या स्पेलिंगने लिहिलं देव जाणे. कुठे एकच शब्द, कुठे वडिलांचं नाव गायब. आपली सुंदर लिंक्ड लिस्ट, आणि पॉइंटरच गाळलेला!

नाशिकची वही

बाबांना एकदम आठवलं. आजीच्या दहाव्याला रामकुंडावर तीर्थोपाध्यायांनी वही काढली होती आणि बाबांनी त्यात सही केली होती. घाईत कोणी मागची पानं बघितली नाहीत. पुढच्याच शनिवारी आम्ही दोघं नाशिकला.

ज्यांनी ही वही बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार अशा ठिकाणी उपाध्यायांकडे यजमानांच्या पिढीजात वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचा उपाध्याय कोण ते कळतं. तो तुमचं पान काढतो. घरातलं जे जे कोणी अस्थी घेऊन किंवा यात्रेला आलं त्याने तिथे आपल्या हाताने कुटुंबाची नावं लिहून सही केलेली असते. गाव आणि आडनाव हा इंडेक्स, जुनं काही पुसायचं नाही, फक्त खाली नवं लिहायचं. आम्ही ज्याला अपेंड-ओन्ली लॉग म्हणून पगार घेतो तो हाच. (हरिद्वारच्या वह्यांची त्या मॉर्मन मंडळींनी मायक्रोफिल्म काढलेली आहे आणि 'फॅमिलीसर्च'वर भारतातल्या हिंदू तीर्थयात्रा नोंदींचा मोठा संग्रह आहे. बघा म्हणजे झालं!)

मुख्य म्हणजे इथे माणसं बहुतेक वेळा कोणीतरी गेल्यावरच येतात. त्यामुळे वंशवृक्ष आणि मृत्यूची आठवण एकाच पानावर, एकाच हाताने लिहिलेली असते. दोन डेटाबेस नाहीतच, मग लिंक कुठली करणार?

गुरुजींनी चष्मा पुसला आणि मागची पानं उलटली. आजोबांची सही, बाळबोध. त्याच्या आधी पणजोबांची नोंद, मोडीत. शके १८४१, म्हणजे १९१९-२० साल. ते स्वतःच्या आईच्या अस्थी घेऊन आले होते. गुरुजी बोट फिरवत वाचत गेले : स्वतःचं नाव बिन वडिलांचं नाव, बायकोचं, मुलांचं... आणि मग धाकट्या भावाचं नाव. पुढे लिहिलं होतं, शके १८३९ साली बोटीवर वारला, अस्थी नाहीत.

बाबा तिथेच पायरीवर बसले. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

नाव इथे लिहीत नाही, घरातल्या सगळ्यांना विचारलेलं नाही म्हणून. पण नाव मिळालं. अस्थी नव्हत्या तरी पणजोबांनी त्याला वहीत आणून ठेवला होता.

परत येताना गाडीतच फोनवर डेटाबेस उघडला. त्या नावाशी जुळणाऱ्या तीन नोंदी सापडल्या. शके १८३९ म्हणजे १९१७ च्या गुढीपाडव्यापासून १९१८ च्या गुढीपाडव्यापर्यंत. त्यात दोन बसतात. वडिलांचं नाव दोन्हीत नाही. आतेभाऊ म्हणाला, "त्यातली एक जोडून टाक ना, नंतर बघू." मी नाही म्हटलं. ऑनलाइन वंशवृक्षात चुकीचा दुवा जोडला की तो आपल्यापाशी राहत नाही. दुसरा कॉपी करतो, तिसरा त्याचा पुरावा म्हणून वापरतो, आणि दहा वर्षांनी दुसऱ्याच कोणाचा तरी पोरगा आमच्या झाडावर लटकतो. त्याचे खरे वारस रत्नागिरीत किंवा आणखी कुठे शोधत बसतील त्याचं काय? आमच्या झाडात बोटवाल्यांचं नाव आहे, वहीचा हवाला आहे, आणि त्या दोन नोंदी 'शक्यता' म्हणून टिपून ठेवल्यात. सध्या एवढंच.

आणि आजी?

नाशिकला आणखी एक गोष्ट झाली. मागची पानं बघून झाल्यावर मी पुढचं, आमचंच पान वाचलं. बाबांनी लिहिलं होतं : 'मातोश्रींच्या अस्थी घेऊन आलो.' खाली बाबांचं नाव, माझं नाव, सही. आजीचं नावच नव्हतं! बाबा इतके ओशाळले की काय सांगू.

त्या बिन आणि वलदच्या कागदांत बायकांसाठी वेगळा शब्द असतो, 'कोम'. अमकी कोम तमका, म्हणजे तमक्याची बायको. लग्न झालं की बापाचा पॉइंटर पुसून नवऱ्याचा लिहायचा, आणि आमच्या आजीच्या वेळी तर स्वतःचं नावही बदलायचं. तिचं माहेरचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. वंशवृक्षात तिच्या वरचे दोन चौकोन रिकामेच होते. (महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचा नियम केलाय. म्हणजे आता दोन पॉइंटर. आजीच्या नंतर ऐंशीएक वर्षांनी का होईना.)

घाटावरूनच संगमेश्वरला आजीच्या भाच्याला फोन लावला. वय त्र्याऐंशी, ऐकू कमी येतं. तीनदा ओरडून विचारल्यावर ते म्हणाले, "कोण, आमची आत्या? अरे, तिचं घरचं नाव..." आणि नाव सांगितलं. तिच्या आईचं, वडिलांचं, गावाचं. माझ्या मोबाइलची बॅटरी चार टक्के होती. हातावर लिहून घेतलं.

गुरुजींनी पुन्हा वही पुढे केली. जुनं खोडायचं नसतं, म्हणून खाली नवी नोंद केली. या वेळी मी लिहिली. आजीचं सासरचं नाव, कोम आजोबा, मूळ नाव अमुक, अमक्या-अमकीची मुलगी, मुक्काम अमुक. जाण्याची तारीख. सही.

घरी येऊन त्या निळ्या लिंकवर क्लिक केलं आणि थडग्याच्या जागी वहीच्या पानाचा फोटो चढवला. त्याने दफनभूमीचं नाव विचारलं, मी 'रामकुंड, नाशिक' टाकलं. घेतलं त्याने!

येत्या सर्वपित्रीला बोटवाल्यांचं पान नावाने ठेवू.

असो. लेख वाचून झाला असेल तर एक काम करा. घरात सगळ्यात म्हातारं जे कोणी असेल त्यांच्याशेजारी आज जाऊन बसा, आणि आजीचं लग्नाआधीचं नाव विचारून लिहून घ्या. सॉफ्टवेअर नंतर शोधू.